कोणसाचं फेस्त, फुटलेला बांध आणि ‘मशागत व राखण’

वसईकरीण | १७ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

परवा आमच्या गावात कोणसाचं फेस्त झालं. मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यातल्या साष्टीत आले त्याला एकोणीस वर्षं झाली, तरी या फेस्ताला मी अजून पाहुणीसारखीच उभी राहते. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोंकणीत कणसाला कोणस म्हणतात, आणि भाताच्या पहिल्या लोंब्या देवाला द्यायचा हा सण. पहिला मान राय गावाचा, ५ ऑगस्टला. ताळगावचं २१ला. बाकी गावं आपापल्या रिवाजाप्रमाणे. मिस्सा होते, मग बँड लावून मिरवणूक शेतात. फादर विळ्याने लोंब्या कापतात, आशीर्वाद देतात आणि घरटी दोन-चार लोंब्या वाटल्या जातात. त्या घरातल्या आल्तारावर वर्षभर राहतात. माझ्या सासूबाई जुन्या लोंब्या कोंबड्यांना घालायच्या. फेकलेल्या त्यांना चालायच्या नाहीत.

यंदा लोंब्या आमच्या गावच्या नव्हत्या. टेम्पोतून पलीकडच्या गावातून आणल्या. गेल्या वर्षी जूनच्या उधाणात आमच्या खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला, नदीचं खारं पाणी शेतात शिरलं आणि तेव्हापासून तिथे भात नाही. मिरवणूक शेताऐवजी फुटबॉलच्या मैदानावर नेली. फादर प्रवचनात ‘लाउदातो सी’ या निसर्ग राखण्याबद्दलच्या विश्वपत्रावर बोलले. पोप फ्रान्सिस यांचं ते पत्र आलं त्याला यंदा दहा वर्षं झाली, आणि पोप स्वतः एप्रिलमध्ये गेले. प्रवचन चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या बाकावर बसलेल्या म्हातारीने लोंबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि हळूच विचारलं, “हीं कोणसां खंयचीं गे?” म्हणजे, ही कणसं कुठली गं?

घरी येऊन मराठी बायबल उघडलं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला सांगतो की पृथ्वी सत्तेखाली आणा, सगळ्या प्राण्यांवर सत्ता चालवा. आणि दुसऱ्या अध्यायात, पंधराव्या ओवीत, हाच देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची ‘मशागत व राखण’ करायला. राखण या शब्दाशी मी थांबले. वसईत राखण म्हणजे वाडीची राखण, केळी चोरीला जाऊ नयेत म्हणून. गोव्यात या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे असं ऐकलंय.

तर प्रश्न असा: आमच्या धर्मात निसर्ग राखायला सांगितलंय की नाही? सांगितलं असेल, तर बांध कसा फुटला?

माडाखाली | १७ ऑगस्ट, रात्री १०.१५

राखण म्हणजे राखणदाराला, गावाचा पहारा करणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा द्यायचं ते. रोट, विडी, थोडी दारू, कुठे कोंबडा. घोंगडं आणि काठी घेऊन तो रात्री गावाच्या शिवेवरून, बांधावरून फिरतो. त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या वहाणाही देतात. आमच्या वाड्यावर ख्रिश्चन शेजारी गुपचूप मेणबत्ती लावून जातो. त्याला विचारलं तर म्हणतो, “म्हाका खबर ना.”

एवढंच. तुमचं चालू द्या, मी खुर्ची आणतो.

प्रश्नचिन्ह | १७ ऑगस्ट, रात्री ११.०२

ताई, राग मानू नका, पण उत्तर तुम्हीच दिलंय. ‘सत्ता चालवा.’ लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच मांडलं होतं: पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने झाडातला, झऱ्यातला देव काढून टाकला आणि मग कुऱ्हाड चालवायला कोणाची भीती उरली नाही. गोव्यात तर हे पुस्तकात वाचायचीही गरज नाही. १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली. देवळाभोवतीच्या झाडांचं आणि तळ्यांचं पुढे काय झालं असेल, ते तुम्हीच सांगा. आज ज्या देवराया उरल्यात त्या सत्तरी तालुक्यात, म्हणजे जिथे पोर्तुगीज दोनशे वर्षं उशिरा पोचले तिथे. बांबरची निरंकाराची राय जाऊन पाहा. जायफळाच्या जातीच्या रानटी झाडांची पाणथळ, मुळं चिखलातून वर आलेली. ती कोणी राखली? देवाच्या भीतीने राखली. विश्वपत्र लिहून राखली नाही.

संपादक | १८ ऑगस्ट, सकाळी ७.३०

धागा चांगला चाललाय. कोणाचा धर्म बरा याचा आखाडा झाला तर कुलूप लागेल. आगाऊ सूचना.

फोंड्याचे मास्तर | १८ ऑगस्ट, दुपारी ४.२०

प्रश्नचिन्ह, तुम्ही व्हाइटचा लेख अर्धाच सांगितलात. त्याच लेखाच्या शेवटी तो म्हणतो की पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला आपला आश्रयदाता मानावं. बारा वर्षांनी, १९७९ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमकं तेच जाहीर केलं. विरोधकाची सूचना व्हॅटिकनने मान्य केल्याची उदाहरणं फार नसावीत. या फ्रान्सिसचं सूर्यस्तोत्र १२२५च्या सुमाराचं, म्हणजे यंदा आठशे वर्षं. त्यात सूर्य भाऊ आहे, चंद्र बहीण, पाणी बहीण, आग भाऊ, आणि भूमी बहीणही आहे आणि आईही. विश्वपत्राचं नावच त्या स्तोत्रातलं, आणि ते मुद्दाम लॅटिनमध्ये नाही, फ्रान्सिसच्या बोलीतलं आहे. आपल्या संतांनी संस्कृत सोडून देशीत लिहिलं, त्यातलाच प्रकार.

आता वसईकरणींच्या शब्दाकडे येतो. मी हिब्रू शिकलेलो नाही, पण एका पाद्री मित्राने वर्षभर डोकं खाल्लं, त्यामुळे दोन शब्द पाठ आहेत. मशागत हा शब्द ज्यासाठी आलाय तो ‘आबद’, म्हणजे कसणं आणि सेवा करणंसुद्धा. राखण ज्यासाठी आलाय तो ‘शामर’. सांभाळणं, पहारा करणं. आता गंमत पाहा. पुढे चौथ्या अध्यायात काइन भावाला मारतो. देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? काइनचं उत्तर जगप्रसिद्ध आहे, आणि मराठीत ते आहे, “मी आपल्या भावाचा राखणदार आहे काय?” मूळ हिब्रूत तिथेही तोच ‘शामर’. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी दोन्हीकडे राखण हा शब्द धरून ठेवला हे मला फार आवडतं. बागेची राखण सोडली आणि भावाची राखण नाकारली, या दोन गोष्टींत चारच पानांचं अंतर आहे. आणि काइनला शिक्षा कोणती? तू जमीन कसशील, पण ती तुला सत्त्व देणार नाही. खाऱ्या पाण्याने गेलेल्या शेताशेजारी राहणाऱ्याला यावर टीप लागणार नाही.

अवांतर: राय गावाला लागूनच रायतूर. तिथे १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं. १५७९ला गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. बायबल सांगायला त्याने ओवी घेतली आणि मराठीची थोरवी सांगताना उपमा दिल्या मोगरीच्या आणि कस्तुरीच्या. देवळं पाडण्याचा इतिहास खराच आहे, मी तो झाकत नाही. पण त्याच साष्टीत चाळीस-पन्नास वर्षांनी एक पाद्री मोगऱ्याच्या उपमा देत बसला होता, हेही खरं.

दिवाडीकर | १८ ऑगस्ट, रात्री ९.५५

मास्तरांचं वाचून बरं वाटलं, पण बांध हिब्रूने फुटत नाही आणि हिब्रूने बांधलाही जात नाही. मी दिवाडीचा, हिंदू, आमचे आजे-पणजे खाजनात कूळ. थोडं बांधाबद्दल लिहितो, कारण गोव्याबाहेरच्या वाचकांना खाजन म्हणजे काय हेच ठाऊक नसेल.

आमच्या नद्यांत समुद्राची भरती आत पार कित्येक मैल चढते. नदीकाठची सखल जमीन मूळची खाजण-चिखल, भरतीला पाण्याखाली जाणारी. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी तिला बांध घालून भाताखाली आणलं. अशी जमीन गोव्यात १७-१८ हजार हेक्टर असल्याचं सांगतात. बांध चिकण मातीचा, आत पेंढा, नदीच्या बाजूने चिरे. बांधात मध्ये मानस. मानस म्हणजे पाण्याचं दार. लाकडी झडपा अशा बसवलेल्या की भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपोआप लागतं, आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी रेटलं की आपोआप उघडतं. मोटर नाही, माणूस नाही. चंद्र दार उघडतो आणि लावतो. मानशीच्या आत खड्डा, त्याला आम्ही पोंय म्हणतो. ओहोटीला पाणी बाहेर पडताना तोंडाला जाळं लावलं की सुंगटं, खेकडे, काळुंद्रां. या मासळीचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी. भात शेतकऱ्याचं, मासळी बांधाची. असा हिशेब.

सगळं चालवायची गावकारी, म्हणजे मूळ गावकऱ्यांची सामाईक संस्था, पोर्तुगीज जिला कोमुनिदाद म्हणायला लागले. १५२६च्या फोराल नावाच्या सनदेत त्यांनी हे रिवाज लिहून घेतले, निर्माण केले नाहीत. नंतर गावकार ख्रिस्ती झाले, बांध तसाच राहिला. आमच्या मानशीवर खुरीस, म्हणजे क्रूस, आहे आणि बारा पावलांवर राखणदाराचा दगड. मे महिन्यात खुर्साकडे लादाय्न, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, उकडलेले चणे वाटतात, आमची पोरं पहिली पळतात. त्यामुळे प्रश्नचिन्ह म्हणतात तसं ‘त्यांनी झाडातला देव काढला’ हे आमच्या बांधावर तरी लागू नाही. देव बदलला, पहारा तोच.

मग बिघडलं कुठे? १९६४च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या १९७६च्या दुरुस्तीने कुळाला जमीन मिळाली, हे माझ्या घराचं भलं झालं, त्यावर मी काही बोललो तर आजा उठून बसेल. पण गावकारीचा खंड गेला आणि तिचा हात बांधावरून उठला. जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली. संघ म्हणजे कागद. मानशीचा लिलाव मात्र राहिला आणि दरवर्षी चढत गेला. ठेकेदाराला मासळी हवी. दार लागलेलं असलं तर खारं पाणी आत येत नाही, मासळी कमी. मग रात्री दार अडकवून ठेवायचं. खारं पाणी पोंयीतून शेतात. एक वर्ष भात जळतो, दुसऱ्या वर्षी शेतकरी पेरत नाही, तिसऱ्या वर्षी खारफुटी उगवते. आणि एकदा खारफुटी उगवली की कायद्याने ती तोडता येत नाही. खारफुटी चांगलीच, मी तिच्याविरुद्ध नाही, पण ती बांधाच्या बाहेर हवी. तिथे ती लाटेचा मार खाते. आत आली म्हणजे शेत मेलं याची ती खूण.

वसईकरीण ताई, तुमच्या गावचा बांध उधाणाने फुटला असं म्हणता. उधाण दर पंधरा दिवसांनी येतंच. आधी खेकड्यांची बिळं कोण बुजवत होतं ते विचारा.

माडाखाली | १८ ऑगस्ट, रात्री १०.०५

‘चंद्र दार उघडतो आणि लावतो.’ वाचनखूण साठवली.

डिचोलीकर | १९ ऑगस्ट, सकाळी ११.१५

प्रश्नचिन्ह यांना शिरगावला घेऊन जायला हवं. लईराई देवी आमची, म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, तिची बहीण. लोककथेत या सात बहिणी, त्यांतली मिराबाई ख्रिस्ती झाली ती सायबीण. आजही फेस्ताला आणि जत्रेला एकमेकींकडे तेल-फुलं जातात. आता या लईराईच्या गावाला देवीचा धाक होता की नाही? अग्निदिव्यातून चालत जाणारे हजारो धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, आहेत. तरी खाणी गावाच्या उशाला आल्या. खड्डे भूजलाखाली गेले, रात्रंदिवस पंप, माझ्या मामाची विहीर मार्चमध्ये कोरडी. धोंडांनी जिथे आंघोळ करायची त्या तळीच्या पाण्याची काळजी गावाला पडली. खाणवाले काय एकाच धर्माचे होते? ट्रकवाले? ट्रकवाल्यांत मीही होतो. दोन गाड्या, बँकेचं कर्ज. ५ ऑक्टोबर २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा मी देवीला नवस बोललो होतो, चालू होऊ दे म्हणून. तिने ऐकलं नाही. बरं झालं म्हणायला मला पाच-सहा वर्षं लागली.

देवाची भीती ज्याला पैशाची गरज नसते त्यालाच वाटते, असं माझं मत झालंय. कोणाचाही देव असो.

नगरी पाव्हणा | १९ ऑगस्ट, रात्री ८.४५

मी अहिल्यानगरचा, प्रोटेस्टंट, नोकरीनिमित्त वास्कोला. आमच्याकडे कापणीच्या सणाला देवळात भोपळे, कोंबड्या, ज्वारीची पोती येतात आणि उपासना झाली की लिलाव. एकदा माझ्या वडिलांनी स्वतःच आणलेला भोपळा स्वतःच चढ्या बोलीने परत घेतला, आईने महिनाभर ऐकवलं. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत निसर्ग आला तो रेव्हरंड टिळकांच्या कवितेतून. फुलामुलांचे कवी. बायबलमध्ये पर्यावरण शोधायची गरज आम्हाला पडली नाही, रानफुलावरच्या कविता शाळेतच पाठ होत्या.

पण दिवाडीकरांची गावकारी वाचून मला लेवीय पुस्तकाचा २५वा अध्याय आठवला. सातव्या वर्षी जमिनीला विसावा, पेरायचं नाही. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. आणि कारण काय दिलंय? जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे. गावकारीतही जमीन एकट्याची नसायची ना? मग ज्या गावात देवाचा हा अध्याय वाचला जातो त्याच गावात जमीन विक्रीच्या पाट्या लागलेल्या का दिसतात?

प्रश्नचिन्ह | १९ ऑगस्ट, रात्री ९.३०

पाव्हण्यांनी माझा पुढचा प्रश्न विचारून टाकला.

मास्तर, व्हाइटचं अर्धंच सांगितलं, कबूल. डिचोलीकर, तुमच्यापुढे तर मी काहीच बोलत नाही, ट्रकची कबुली द्यायला छाती लागते. पण आता दुसऱ्या बाजूने येतो. रविवारी मिस्सेला विश्वपत्र ऐकायचं आणि सोमवारी वकिलाकडे जाऊन भातशेतीचा झोन बदलायचा अर्ज द्यायचा. दिल्लीवाल्याला डोंगर विकायचा. पोरगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला, शेत पडीक, बांधावर जायचं कोणी? आमच्या हिंदूंतही हेच चालतं, ते मी सोडत नाही. पण तुमच्याकडे निदान एक दहा वर्षं जुनं, २४६ परिच्छेदांचं पत्र आहे. ते अर्ज देणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलं?

वसईकरीण | २० ऑगस्ट, रात्री ११.४८

तीन दिवस लिहावं की नको असं चाललं होतं. लिहिते.

आधी सोपं ते. आमच्या वसईत पाद्री रस्त्यावर उतरलेले मी लहानपणी पाहिलेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांना तुम्ही २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखता. हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्च्याला माझे वडील सायकलवरून गेले होते. वाड्या, विहिरी, केळी वाचवायला. त्यात ख्रिश्चन होते, हिंदू होते, कोणी विचारलं नाही. गोव्यातही १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री मी चांदरला रेल्वे रुळांपाशी होते. कोळशासाठी दुपदरीकरण नको, मोले वाचवा, म्हणून हजारो लोक. त्या दिवशी सर्व संतांचा सण. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी ९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे होतं कधीतरी.

हेही खरं की आमच्यात दिखाऊपणा भरपूर आहे. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस. ऑर्थोडॉक्स लोकांनी तो १९८९ला सुरू केला, पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये आपल्याकडे घेतला, आणि तिथून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीचा हंगाम. या हंगामात रोपं वाटतात. प्लास्टिकच्या पिशवीत. फोटो निघतात. मग दोन महिन्यांत २ नोव्हेंबरला सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, प्लास्टिकची फुलं, आणि डिसेंबरात नाताळच्या गोठ्यासाठी गडग्यावरचं शेवाळ खरवडायचं. माझ्या सासूबाई गोठ्यासाठी नाचणी पेरायच्या, आठवड्यात हिरवीगार. आता थर्माकोल.

आता अवघड. दिवाडीकरांनी विचारलं बिळं कोण बुजवत होतं. मी घरी विचारलं. नवरा म्हणाला, बाबा होते तोवर बाबा आणि आणखी तिघे. ते गेल्यावर कोणी नाही. दोन दीर स्विंडनला, आम्ही दोघं नोकरीला. आणि मानशीचा लिलाव? चार वर्षांपूर्वी संघाच्या सभेत सगळ्यांत जास्त बोलीवाल्याला मानस दिली, तेव्हा हात वर करणाऱ्यांत माझा नवरा होता. मीच सांगितलं होतं त्याला, जास्त पैसे येतील तर घ्या, इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, छपराला उपयोगी पडतील. छप्पर झालं. सुंदर झालंय.

त्या म्हातारीला मी काय उत्तर दिलं माहितेय? “शेजारच्या गावचीं, मावशे, आशीर्वाद सारकोच.”

माडाखाली | २० ऑगस्ट, रात्री ११.५९

😶

फोंड्याचे मास्तर | २१ ऑगस्ट, सकाळी ६.४०

बाई, छपराचं वाईट वाटून घेऊ नका. पत्र वाचून कोणाच्या झोपेचं खोबरं झालं का, असा प्रश्नचिन्हांचा प्रश्न होता. एकीचं तरी झालंय.

दिवाडीकर | २१ ऑगस्ट, सकाळी ७.१०

ताई, भगदाड किती मोठं आहे? हातांत सांगा. आणि त्यातून पाणी भरतीलाच येतं की कायम वाहतंय?

वसईकरीण | २१ ऑगस्ट, रात्री ८.३०

मोठं भगदाड जलस्रोत खात्याने भरलंय म्हणतात, दगड दिसतात. बाजूला दोन लहान आहेत, नवरा मोजून आला. एक चार हात, एक दीड हात. भरतीला येतं, ओहोटीला जातं.

दिवाडीकर | २१ ऑगस्ट, रात्री ९.००

मग ते माणसांनी होणारं काम आहे. खरी डागडुजी एप्रिल-मे मध्ये, सुक्या मातीने. पण आता बुजवलं तर उरलेला पाऊस शेतातलं मीठ धुऊन नेईल. उघडं ठेवलं तर पाऊस धुणार आणि भरती परत मीठ आणणार. पुढच्या जूनला पेरायचं असेल तर हा पाऊस वाया घालवू नका.

दिवस भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा, धरा. अमावास्या-पुनवेच्या उधाणात हात लावायचा नाही, अष्टमीला पाणी कमी चढतं. १४ सप्टेंबर, रविवार, वद्य अष्टमी. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. दहा ते दोन काम. मी दोघांना घेऊन येतो. बांबू, पेंढा आणि पोती तुमच्याकडून. सिमेंट आणू नका, हात जोडतो.

डिचोलीकर | २१ ऑगस्ट, रात्री ९.२०

माती लागली तर एक गाडी अजून आहे माझ्याकडे. भाडं नको.

नगरी पाव्हणा | २१ ऑगस्ट, रात्री ९.४१

मी येतो. पण रविवारी काम? आमच्या आजीने फटकावलं असतं. अर्थात शब्बाथ मनुष्यासाठी आहे, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे येशूनेच सांगितलंय, तेव्हा चालेल.

वसईकरीण | २१ ऑगस्ट, रात्री ९.५०

आठची मिस्सा साडेनऊला सुटते. त्या दिवशी पवित्र खुर्साचं फेस्तही आहे. फादरांना विचारते, इगर्जेतून घोषणा करतील का.

माडाखाली | २१ ऑगस्ट, रात्री १०.३०

पितृपक्ष आहे हो तो. आमची आई म्हणते पक्षात नवीन काम सुरू करायचं नाही.

फोंड्याचे मास्तर | २१ ऑगस्ट, रात्री १०.४४

बांध पितरांचाच आहे. नवीन कुठलं काम?

वसईकरीण | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

अंग दुखतंय, थोडक्यात लिहिते.

घोषणा झाली. फादरांनी प्रवचन आवरतं घेतलं, हे पहिल्यांदाच पाहिलं. चाळीसेक लोक आले, त्यांतले वीस फोटोपुरते. उरलेले वीस पुरे झाले. दिवाडीकर म्हणजे साठीचे, बुटके, चिखलात उतरले की कंबरेपर्यंत गायब. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं बांधावर चालून काठीने बिळं टोचून पाहिली. लहान म्हटलेलं दीड हाताचं भगदाड आतून पोखरलेलं निघालं, तेच जास्त खाऊन गेलं. बांबूचे दोन ओळींत खुंट, मध्ये पेंढा आणि चिकण माती, पायांनी तुडवायची. माती डिचोलीकरांच्या गाडीने आली, लाल. दिवाडीकरांनी ती पाहून तोंड वाकडं केलं, म्हणाले वर टाका, आत नको. आतली माती पोंयीतूनच काढली. नगरी पाव्हण्यांची चप्पल चिखलात गेली ती गेलीच. प्रश्नचिन्ह कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण एक तरुण मुलगा सगळ्यांत जास्त पोती वाहत होता आणि कोणाशी बोलत नव्हता. माझा संशय आहे.

ती म्हातारी पेज आणि खारातली तोरां, म्हणजे कैऱ्या, घेऊन आली. मानशीवरच्या खुर्साला तिने मेणबत्ती लावली, मग बाजूला जाऊन दुसरी एक लावली, कुठे ते आम्ही पाहिलं नाही असं केलं.

संध्याकाळी सहाला भरती पाहायला पाच-सहा जण थांबलो. पाणी चढलं. मोठं भगदाड कोरडं. दीड हातवाल्याच्या उजव्या कडेला पाझर आहे, तळहाताएवढा ओला डाग. दिवाडीकर म्हणाले उद्या ओहोटीला तिथे आणखी दोन पाट्या घाला, अमावास्येच्या आत.

मानशीचं दार अजून ठेकेदाराकडेच आहे. लिलाव पुढच्या सभेत. नवऱ्याला सांगितलंय हात खाली ठेव, पण तो एकच हात.

दोन कुदळी, एक विळा आणि एक घमेलं आमच्या पडवीत राहिलंय. घमेल्यावर खडूने ॐ काढलाय. ज्यांचं असेल त्यांनी न्यावं, नाहीतर उद्या पाझरासाठी मीच वापरते.